नुसतं ‘पुरळ’ लिहू नकोस
केसपेपरवर ‘पुरळ आहे’ एवढंच खरडून मोकळा होऊ नकोस. आधी बोट फिरवून बघ. डाग हाताला लागतच नसेल तर मॅक्यूल, बारीक उंचवटा लागला तर पॅप्यूल, 1 सेंटिमीटरपेक्षा मोठा आणि पसरट असेल तर प्लाक. पाण्याचा छोटा फोड व्हेसिकल, मोठा बुला. लालीच्या बाबतीत मात्र घाई नको. पारदर्शक काच दाबून धर: फिकी पडली तर एरिथिमा, म्हणजे रक्तवाहिन्या फुगल्याने आलेली लाली; तशीच राहिली तर पर्प्युरा, म्हणजे रक्त कातडीत उतरलंय. पर्प्युरासोबत ताप असेल तर वरिष्ठांना लगेच बोलाव. सावळ्या कातडीवर एरिथिमा अनेकदा जांभळट किंवा तपकिरी दिसतो (पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचेच!), तेव्हा शेजारच्या निरोगी कातडीशी ताडून बघ. निदानाचं नाव नंतर लिही.