विषाणूजन्य श्वसनविकार आणि मेलाटोनिन: पुरावा कितपत पक्का?

फ्लू किंवा कोविड झाल्यावर रोज रात्री १० मिलिग्रॅम मेलाटोनिन (झोपेशी निगडित संप्रेरक) घेतल्यास आजार लवकर बरा होतो का, आणि तसे सांगणाऱ्या अभ्यासांवर किती विसंबावे, असे आपण विचारले आहे. आजारपणात झोप येत नसेल तर अल्प काळासाठी कमी मात्रेत मेलाटोनिन घेणे बहुतेक निरोगी प्रौढांना सोसते. मात्र विषाणूवरचे औषध म्हणून त्यावर भिस्त ठेवण्याइतका पुरावा नाही, असे माझे मत आहे.

ही कल्पना मुळात निराधार नाही. १९५८ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅरन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतील पिनियल ग्रंथींपासून वेगळे केलेले हे संप्रेरक अंधार पडल्यावर स्रवते, पण त्याचे काम झोपेपुरते मर्यादित नाही. गंभीर विषाणूजन्य न्यूमोनियात फुप्फुसांची बरीच हानी विषाणूपेक्षा शरीराच्या स्वतःच्या बेफाम दाहामुळे होते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत मेलाटोनिनने हा दाह आवरल्याचे दिसले आहे. म्हणजे येथे अपेक्षा विषाणू मारण्याची नसून दाह शमवण्याची आहे. हा फरक चर्चेत वारंवार निसटतो.

माणसांवरील पुरावा मात्र इतका भक्कम नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी २०२० मध्ये रुग्णनोंदी तपासल्या, तेव्हा मेलाटोनिन घेणाऱ्यांमध्ये कोविड चाचणी सकारात्मक येण्याची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळली. वय, धूम्रपान, इतर आजार यांचा हिशेब त्यांनी धरला होता; तरीही झोपेची काळजी घेणारी माणसे इतर बाबतींतही सावध असतात, आणि तो सावधपणा नोंदींत उतरत नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांच्या नोंदी वाचताना याहून जास्त जपावे लागते. अतिदक्षता विभागात मेलाटोनिन बहुधा कधी सुरू होते, तर गुंगीची औषधे उतरवून रुग्णाची दिवस-रात्रीची घडी पुन्हा बसवायची असते तेव्हा. त्या टप्प्यापर्यंत जो पोहोचला, तो सर्वांत कठीण दिवस आधीच पार करून आलेला असतो, आणि मग त्याच्या जगण्याचे श्रेय गोळीच्या खात्यावर जमा होते.

आपण उल्लेखिलेली १० मिलिग्रॅमची मात्रा बहुधा इराकमधील चाचणीतून आली असावी. त्यात गंभीर कोविडच्या १५८ रुग्णांपैकी मेलाटोनिन मिळालेल्या ८२ जणांत १ मृत्यू झाला, तर उरलेल्या ७६ जणांत १३. हा आकडा पाहून अनेकांना हुरूप येतो; मला मात्र त्याचा आकारच खटकतो. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत हजारो रुग्णांवर पारखलेल्या डेक्सामेथासोन या दाह शमवणाऱ्या स्टेरॉईडने कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले, आणि तेवढ्याने जगभरची उपचारपद्धती बदलली. एक साधी गोळी मृत्यू ९० टक्क्यांहून अधिक घटवत असेल, तर लहान गटांतील योगायोगाची शंका आधी घ्यावी लागते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियावरील औषधाच्या बाबतीतही सुरुवातीचे छोटे अभ्यास आशादायक होते. ‘रिकव्हरी’ने ते १,५६१ रुग्णांना देऊन पाहिले आणि मृत्यूंत घट झाली नाही.

गोळीबद्दलही थोडे सांगायला हवे. तोंडावाटे घेतलेल्या मेलाटोनिनचा बराचसा भाग यकृतातच मोडतो आणि उरलेल्याची रक्तातील पातळी तासाभरात निम्म्यावर येते. जेथे ते पूरक आहार म्हणून विकले जाते, तेथे वेष्टनावरील मात्रेचीही खात्री नसते: २०१७ मध्ये कॅनडात तपासलेल्या ३१ उत्पादनांपैकी काहींत छापल्यापेक्षा कितीतरी कमी, तर काहींत कित्येक पट जास्त मेलाटोनिन निघाले, आणि आठांत सेरोटोनिन हे मेंदूवर परिणाम करणारे दुसरेच रसायनही सापडले.

वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध, अवयव प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे किंवा फ्लुव्होक्सामिन हे नैराश्यावरील औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेलाटोनिन मुळीच घेऊ नये. फ्लुव्होक्सामिनमुळे त्याची रक्तातील पातळी अनेक पटींनी वाढते. आणि कृपा करून या गोळीच्या भरवशावर वेळ दवडू नका. फ्लूवरील ओसेल्टामिव्हिर लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत, आणि जोखीम असलेल्या कोविड रुग्णांसाठीचे पॅक्सलोविड पाच दिवसांत सुरू केले तरच त्यांचा खरा लाभ मिळतो. वय जास्त असेल किंवा दमा, मधुमेह, हृदयविकार असेल, तर ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी चाचणी करून डॉक्टरांशी बोलावे.