सत्तरच्या दशकातले ब्लूज-रॉक गिटारिस्ट खास बनवून घेतलेल्या गिटारी वाजवायचे का? तसा आवाज हवा असेल तर मीही बनवून घ्यावी का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नका बनवून घेऊ. निदान ‘तो आवाज’ मिळेल या आशेने तरी नाहीच. पहिल्याचं उत्तर लांबणार आहे, कारण याच विषयावरून आमच्या घरात एका माणसाशी माझं अजून वाजतं.

त्या काळातल्या बहुतेक मोठ्या नावांच्या हातात दुकानातलीच गिटार असायची, तीही जुनी, कुणीतरी आधी वापरलेली. १९६५ साली सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर मोजून फेंडर ही गिटार बनवणारी कंपनी विकत घेतली आणि त्यानंतरच्या मालावरून वाजवणाऱ्यांचा विश्वास उडत गेला. दुसरी मोठी कंपनी गिब्सन, तिची मूळ घडणीची लेस पॉल गिटार तर १९६०च्या सुमारास बंदच झाली, ती परत आली १९६८ मध्ये. मग लोक १९५०च्या दशकातल्या गिटारी हुडकायला लागले, आणि मिळाल्या की खोलून त्यात आपल्याला हवं ते करायला लागले. शुद्ध जोडाजोडी.

माझी गिटारही तशीच. बॉडी एका मित्राच्या मोडक्या गिटारची, नेक, म्हणजे लांब दांडा, दुसऱ्याच गिटारचा, पिकअप (तारांची थरथर विजेच्या लहरींत बदलणारे चुंबक-गुंडाळे) कुणाकडून तरी परदेशातून मागवलेले. नेक बसवला आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी. त्यांचा हात दिवाण आणि कपाटांवर बसलेला, पण सांध्यात पोस्टकार्ड शिरणार नाही इतकं नेमकं काम करून दिलं. वायरी आणि पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायची बटणं, पुण्याच्या तपकीर गल्लीतले. बाहेरची घरघर आत शिरू नये म्हणून पिकअपच्या खाचांमध्ये मी पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवली आणि ती अर्थला जोडली. अॅल्युमिनियम सोल्डर धरत नाही, म्हणून वॉशर घालून स्क्रूने आवळली.

आमचा आतेभाऊ, माझ्याहून मोठा, न्यू जर्सीत असतो. एका वर्षी गणपतीला आला तो फेंडरची नवीकोरी अमेरिकन स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटार घेऊन. माझी गिटार हातात घेतली, उलटीपालटी केली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “अरे, ही गिटार नाही, जुगाड आहे. खरी गिटार एका कारखान्यातून सबंध बाहेर पडते. आणि याला रिसेल काय येणार?”

सोसायटीच्या गणपतीत आम्हा दोघांचा कार्यक्रम होता. स्टेजमागे लायटिंगच्या माळा, त्यांना डिमर, वर जुन्या चोकच्या ट्यूबलाइट. दादाने केबल लावली आणि अॅम्पमधून असा घोंगाट सुटला की पुढच्या रांगेतल्या आजी विचारायला लागल्या, आरती कधी आहे म्हणून. त्याने केबल बदलली, सॉकेट बदललं, उभं राहायची दिशा बदलली. शेवटी हुकूम सोडला, “लायटिंग बंद करा.” मंडळाचे अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “गिटार बंद करू, बाप्पाची लायटिंग नाही.” मग त्याच केबलला आणि त्याच अॅम्पला माझी गिटार लावली. थोडी घरघर होती, पण गाणं ऐकू येत होतं. दादाने तीच वाजवली, आणि झकास वाजवली. हात त्याचा माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे, त्याबद्दल वाद नाही. उतरल्यावर गिटार माझ्या हातात देत म्हणाला, “नशिबाने निभावलं. पण जुगाड तो जुगाडच.”

आता रिसेलचं बघू. ब्रिटिश गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनने १९७०च्या सुमारास नॅशव्हिलच्या शो-बड दुकानातून जुन्या स्ट्रॅट एकगठ्ठा उचलल्या. जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुडला एकेक देऊन टाकली, आणि उरलेल्यांपैकी तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार जोडली. हीच ती ‘ब्लॅकी’. १९७३ पासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची मुख्य गिटार तीच होती. २००४ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर आले. जोडलेल्या गिटारला.

आयरिश गिटारिस्ट रोरी गॅलाघरने १९६३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या एका दुकानातून १०० पौंडांना १९६१ची स्ट्रॅट घेतली, सेकंडहँड. घामाने तिचा रंग जवळजवळ सगळा गेला, सुटे भाग वेळोवेळी बदलले गेले, सहा खुंट्यांपैकी एक तर वेगळ्याच जातीची आहे. २०२४ मध्ये ती ८,८९,४०० पौंडांना विकली गेली, आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यासाठी.

खरोखर बनवून घ्यायची झाली तर त्या काळी एक नाव पहिलं निघायचं, टोनी झेमायटिस. लंडनचा माणूस, घराणं मूळचं लिथुआनियाचं, शिकलेला फर्निचरचं काम, पुढे केंटमध्ये जाऊन राहिला. रॉनी वुड, कीथ रिचर्ड्स, मार्क बोलन, सगळे त्याचे गिऱ्हाईक. त्याच्या गिटारींच्या तोंडावर धातूचा पत्रा असतो आणि पत्र्यावर डॅनी ओब्रायनचं कोरीव काम. हा ओब्रायन एरवी बंदुकांवर नक्षी कोरायचा. लोकांना वाटतं, हा सगळा स्टेजवर चमकण्याचा थाट. थाट नंतरचा. पत्रा बसवण्यामागची मूळ कल्पना पिकअपमधली घरघर अडवायची होती. म्हणजे माझ्या फॉइलचं काम, फक्त बाहेरून आणि देखणं. झेमायटिसला कुणी जुगाडू म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

थोडं सावधपणे सांगायचं तर, फॉइल काय किंवा पत्रा काय, डिमरची चिरचिर अडवतात, पण ट्रान्सफॉर्मरमधून येणारा ५० हर्ट्झचा चुंबकीय ‘हम’ त्यांना जुमानत नाही. त्यासाठी हमबकरच लागतो, म्हणजे एकमेकांचा हम खोडून काढणाऱ्या दोन गुंडाळ्यांचा पिकअप. आणि ब्लॅकीला पैसे आले ते क्लॅप्टनच्या नावाचे, हे मलाही कळतं. दादा तेवढंच म्हणतो, पण मग त्याच्या कारखान्याच्या शिक्क्याचाही तिथे काय संबंध?

आवाजाचं म्हणाल, तर फ्लीटवुड मॅक बँडच्या पीटर ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉलमधला तो नाकातून आल्यासारखा पोकळ सूर नेककडच्या पिकअपमधलं चुंबक उलटं बसल्यामुळे येतो. असली गोष्ट ऑर्डर देऊन सुचत नाही. तुम्ही बरी वापरलेली गिटार घ्या, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) आणि नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) जाणत्या कारागिराकडून नीट करून घ्या, उरलेले पैसे व्हॉल्व्हच्या अॅम्पला लावा. न पटलेला भाग बदला, आणि कोण काय म्हणतंय तिकडे बघू नका.

दादाची ती स्ट्रॅटही आता कारखान्यातून आली तशी राहिलेली नाही. तिच्यात त्याने नॉइजलेस पिकअप बसवून घेतलेत, हे मला वहिनीकडून कळलं. फॅमिली ग्रुपवर त्याने ते अजून सांगितलेलं नाही.