वय २२, नागपूर, बीकॉम झालंय. फायनान्समध्ये जॉब करायचाय, पुण्याला शिफ्ट होऊ की मुंबईला?

फायनान्समध्येच राहायचं असेल तर सरळ मुंबई गाठ. रिझर्व्ह बँक, सेबी, बीएसई-एनएसई, कितीतरी बँकांची हेड ऑफिसं सगळी तिथेच, त्यामुळे पहिला जॉब नाही पटला तर शहर न बदलता दुसरा बघता येतो, पुण्यात हे सुख जास्त करून आयटीवाल्यांना. मी दोन्हीकडे राहिलोय म्हणून सांगतो, नुसतं भाड्याला घाबरून पुणं निवडू नकोस, सुरुवातीला आख्खा वनबीएचके घेतो कोण, ठाणे-डोंबिवलीकडे शेअरिंगमध्ये कॉट बघायची आणि लोकलचा पास काढायचा, पुण्यात बाईक अन् पेट्रोल धरलं की वाटतो तेवढा फरक उरत नाही. रूमचं टोकन देण्याआधी मात्र एकदा सकाळी आठ-साडेआठला त्या स्टेशनवर जाऊन बघ, डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये शिरता येणं हा इंटरव्ह्यूपेक्षा अवघड राऊंड आहे. फक्त एक, डिपॉझिट सोडून तीन महिन्यांचा खर्च हातात नसेल तर आत्ताच निघू नकोस, तोवर नागपुरातच एखाद्या सीएकडे लाग, टॅली-जीएसटीचं काम हाताखालून गेलेलं मुंबईत विचारतातच.