कॅसेट, कार्ट्रिज आणि काडतूस

प्रश्न असा आहे: "जुन्या व्हिडिओ गेमवर लेख लिहितोय. निंटेंडोच्या 'मदर'ची इंग्रजी आवृत्ती तयार होऊनही बाजारात आली नाही, त्याबद्दल. लहानपणी आम्ही 'कॅसेट' म्हणायचो, ते चूकच ना? 'कार्ट्रिज' लिहू की 'काडतूस'? 'प्रोटोटाइप'ला 'आदिरूप' चालेल का? आणि 'लोकलायझेशन'चं काय करू?"

कॅसेट चूक नाही. जपानमध्ये फॅमिकॉम या निंटेंडोच्या गेमयंत्राच्या (१९८३) गेमला 'कासेत्तो'च म्हणतात. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८१ साली, एपॉक कंपनीने 'कॅसेट व्हिजन' नावाचं यंत्रच विकायला काढलं होतं, आणि त्यात टेप औषधालाही नव्हती. आपला शब्द तिकडून आला असं मी म्हणत नाही. घरात गाण्यांच्या कॅसेट होत्या, ही त्याच अंगाची प्लॅस्टिकची डबी, तीही खोचायची, म्हणून नाव पडलं असणार. बारीकसारीक कृतीही तीच: काढायची, खालच्या सोनेरी दातांवर फुंकर मारायची, परत खोचायची. (फुंकरीने काही साधत नसे, उलट तोंडाच्या दमटपणाने पिना गंजतात. गेम चालू व्हायचा तो परत खोचल्यामुळे. पण हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं.)

टेप नसताना कॅसेट कशी, असं विचारणाऱ्याला व्युत्पत्ती दाखवा. जुन्या फ्रेंचमध्ये 'कास' म्हणजे पेटी आणि 'कासेत' म्हणजे छोटी पेटी. मूळ लॅटिन 'काप्सा', आपली औषधाची कॅप्सूलही तिथलीच. शब्दात फक्त डबी आहे, आत काय ठेवायचं ते तुमच्यावर.

आता 'कार्ट्रिज'. हा मूळचा कागदाचा शब्द. इटालियन 'कार्ता' म्हणजे कागद, त्यापासून 'कार्तोच्चो' म्हणजे कागदाची सुरळी. तिच्यात दारू भरली की बंदुकीची एक मात्रा तयार. हाच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन 'कार्ट्रिज' झाला, पोर्तुगीजमध्ये 'कार्तुशो' झाला आणि पोर्तुगिजांकडून मराठीत येऊन 'काडतूस' झाला. १८५७च्या धड्यातली काडतुसं दातांनी तोडायची असत, कारण ती कागदाचीच होती. म्हणजे कार्ट्रिज आणि काडतूस ही सख्खी भावंडं. तुम्ही 'काडतूस' लिहिलंत तर व्युत्पत्तीच्या दृष्टीने कोणी बोट ठेवू शकणार नाही.

तरी लिहू नका. 'काडतूस' आणि 'गेम' एका वाक्यात आले की मराठी वाचकाला मुंबईच्या गुन्हेवार्तेची आठवण होणार. 'गेममधलं काडतूस बदललं' हे वाक्य छापून बघा.

याहून गंमत ब्राझीलमध्ये आहे. तिथे पोर्तुगीज चालते, रीतसर नाव 'कार्तुशो', पण पोरं म्हणायची 'फिता'. फिता म्हणजे पट्टी, टेप. मराठीतली 'फीत' याच फितेवरून आली, आणि कॅसेटला आपण सरकारी थाटात काय म्हणतो? ध्वनिफीत! तेव्हा साओ पावलोच्या पोरांनी आणि आपण मिळून ही 'चूक' केली आहे. आणखी एक व्यावहारिक कारण: 'कॅसेट' स्त्रीलिंगी ठरून गेलेली आहे. 'कार्ट्रिज' ती की ते, यावर प्रिंटरवाल्यांचंही अजून एकमत नाही.

'आदिरूप' मात्र तुमच्या लेखात चक्क खोटं ठरेल. 'मदर' जपानमध्ये १९८९ साली आला, इंग्रजी आवृत्ती १९९० साली तयार झाली. पुढचं यंत्र, सुपर निंटेंडो, अमेरिकेत १९९१ साली यायचं होतं, त्यामुळे ती मागे पडली. एक नमुना संग्राहकांच्या हाती लागला आणि १९९८ साली हौशी मंडळींनी त्यातली माहिती उतरवून घेतली. आता हे मूळ गेमनंतरचं काम, जवळपास पुरं झालेलं. त्यात 'आदि' काय? इंग्रजीत केलेले काही बदल, लांबवलेला शेवट धरून, २००३ साली जपानी पुनर्प्रकाशनातही गेले. इंग्रजी आवृत्ती अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं.

वस्तू समोर धरा, मग शब्द सुचेल. दुकानातल्या कॅसेटमधली चिप कारखान्यातून माहितीसकट घडून यायची, पुसायची सोय नाही. नमुन्याच्या कॅसेटमध्ये बहुधा इप्रॉम नावाची, पुसून परत लिहिता येणारी चिप असे. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. तिच्यातून अतिनील प्रकाश सोडला की मजकूर पुसला जातो, म्हणून तिच्यावर कागद चिकटवून ठेवतात. थोडक्यात, पाटी. छापखान्यातलं 'प्रूफ' इथे चपखल बसतं, कारण शेवटचं प्रूफ छापील पुस्तकाशी तंतोतंत जुळलं तरी ते प्रूफच राहतं. पण हल्ली प्रूफ म्हटलं की लोक आधार कार्ड काढतात. म्हणून मी 'चाचणीप्रत' म्हणेन.

राहिलं 'लोकलायझेशन'. त्याला 'स्थानिकीकरण' म्हणणं सॉफ्टवेअरच्या मेनूपुरतं ठीक आहे. गेमसाठी मला 'रूपांतर' हवं, नाटकाच्या जाहिरातीत असतं तसं. निंटेंडोचाच 'झेल्डा २' हा गेम (जपानमध्ये १९८७) घ्या. त्यात एक माणूस भेटतो आणि म्हणतो, 'आय ॲम एरर'. लोकांना वाटलं गेममध्येच बिघाड आहे. जपानीत त्याचा एक जोडीदार आहे, 'बागु', म्हणजे बग, प्रोग्राममधली चूक. एरर आणि बग, अशी जोडीची थट्टा. इंग्रजीत एकाचं भाषांतर झालं, दुसरा बागुच राहिला आणि थट्टा मेली. शब्दाला शब्द बरोबर होता, रूपांतर फसलं होतं. 'मदर'मध्ये तर चित्रंही बदलली: सिगारेट गेली, रक्त गेलं, क्रूस गेले. याला भाषांतर कसं म्हणणार?

तुमच्या लेखाचं पहिलं वाक्य मी असं करीन: "'मदर'च्या इंग्रजी रूपांतराची चाचणीप्रत १९९० साली तयार झाली, पण ती कॅसेट दुकानात कधी आलीच नाही."