सरासरी वेग काढताना उलट दिशेचं काय करायचं?

प्रश्न असा: रंकाळ्याच्या सरळ काठावरून एकजण दक्षिणेकडे ६०० मीटर ३०० सेकंदांत गेला, मग मागं फिरून उत्तरेकडे २०० मीटर २०० सेकंदांत आला. सरासरी वेग किती?

भावा, तू दोन टप्प्यांचे ६०० ÷ ३०० = २ आणि २०० ÷ २०० = १ काढून त्यांची बेरीज करून निम्मं केलंस, १.५ आलं. तिथंच गाडी घसरली. वेगाला दिशा असते, म्हणून आधी एक दिशा धन धर. दक्षिण धन, तर उत्तर ऋण. विस्थापन, म्हणजे निघालेल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं दिशेसह सरळ अंतर = ६०० − २०० = ४०० मीटर. एकूण वेळ ५०० सेकंद. सरासरी वेग = ४०० ÷ ५०० = ०.८ मी/से, दक्षिणेकडे. दिशा लिहायला विसरू नकोस, सर तिथंच मार्क कापतात.

चिन्ह लावून (२ − १) ÷ २ = ०.५ केलंस तरी चूकच. ती सरासरी दोन्ही टप्प्यांना सारखाच वेळ लागला तरच चालते. इथं ३०० आणि २०० आहेत.

सरासरी चाल मात्र वेगळी. तिथं दिशा बघत नाहीत, चाललेलं सगळं अंतर धरतात : ८०० ÷ ५०० = १.६ मी/से.

आणि मध्येच ५०० सेकंद भेळ खायला थांबला असेल तर? तो वेळही धरायचा. ४०० ÷ १००० = ०.४ मी/से. पोरं हमखास इथं फसतात.

अख्ख्या रंकाळ्याला फेरी मारून निघालास तिथंच आलास, तर घाम कितीही गळू दे, सरासरी वेग शून्य.