डिपॉझिटमधून कापलेले अठ्ठावीस हजार: तिन्ही बाबी वेगळ्या करा

ताई, आधी तुमची बाजू थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल. नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरचा टू बीएचके, दोन वर्षं राहिलात, डिपॉझिट ४५,००० रुपये. चाव्या दिल्यावर घरमालकांनी यूपीआयने १७,००० पाठवले आणि २८,००० कापले: पूर्ण घराच्या रंगाचे १८,०००, कूलरच्या खिडकीखालची भिंत खराब झाली म्हणून ६,००० आणि तडकलेल्या बेसिनचे ४,०००. करार तुमच्या नावाने, अकरा महिन्यांचा, फक्त नोटरी केलेला, पुढे तोंडीच वाढवलेला.

२८,००० हा एकच आकडा धरून भांडू नका. "सगळे परत द्या" म्हटलं की समोरून "घराची वाट लावली" असं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. या तीन वेगळ्या मागण्या आहेत. त्यातलं जे तुमच्याकडून झालंय ते तुम्हीच आधी लेखी मान्य करा. आमच्या घराचा वरचा मजला आम्हीही किरायाने देतो, म्हणून मालकाच्या बाजूनेही सांगतो: जो माणूस "बेसिन माझ्याच हातून तडकलं" असं सरळ सांगतो, त्याचं रंगाबद्दलचं म्हणणंही खरं वाटतं. तर बेसिन मान्य करा, पण बिल मागा. त्याच प्रतीच्या बेसिनची किंमत आणि प्लंबरची मजुरी, एवढंच तुमच्याकडे लागतं. जुनं साधं बेसिन काढून महागडं बसवलं असेल तर वरचा फरक त्यांचा.

रंगाचे १८,००० मात्र अजिबात मान्य करू नका. दोन वर्षं माणसं राहिली की रंग फिका पडतो, कॅलेंडरच्या खिळ्यांची भोकं राहतात, कपाटामागे पट्टा उमटतो. ही वापराची झीज आहे, नुकसान नाही. भाडेपट्ट्यासाठी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये वाजवी झीज स्पष्टपणे वगळलेली आहे. लीव्ह अँड लायसन्सला (भाडेपट्टा न करता घर वापरायची नुसती परवानगी देणारा करार) ते कलम थेट लागू होत नाही, पण बहुतेक करारांत त्याच अर्थाचं वाक्य असतं. तुमच्या करारात ते शोधा. सोबत हेही बघा, की "घर सोडताना रंगाचे अमुक रुपये कापले जातील" अशी ओळ तर नाही ना. तशी ओळ नसेल तर पुढच्या किरायदारासाठी घर चकचकीत करणं हा मालकांचा स्वतःचा खर्च आहे. मुलांनी एखाद्या भिंतीवर खडूने रेघोट्या मारल्या असतील, तर तेवढी भिंत तुमची.

आता कूलर. नागपुरात डिपॉझिटच्या भांडणात हा विषय हमखास निघतो आणि त्यात दोन्हीकडचे लोक चुकतात. मार्चअखेरपासून मृगापर्यंत खिडकीत कूलर चालतो, टाकी भरून वाहते, वाळ्याच्या ताट्यांमधून पाणी आत ठिबकतं आणि खिडकीखालची पुट्टी फुगून पापुद्रे सुटतात. एवढंच झालं असेल तर ते तुमच्या वापरामुळे झालंय आणि ते टाळता आलं असतं. पण ओल नेमकी कुठे आहे ते फोटोत नीट बघा. कूलरची ओल खिडकीच्या खालून सुरू होऊन खाली उतरते आणि उन्हाळ्यात दिसते. पावसाची ओल छज्ज्यावरून, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून किंवा स्लॅबच्या कडेने येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये वाढते. बाहेरच्या प्लास्टरला भेगा असतील किंवा खिडकीच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूने उतारच नसेल, तर ते बांधकामातलं काम आहे आणि ते मालकांचं. दोन्ही कारणं एकाच भिंतीवर असू शकतात. तसं असेल तर अर्धा-अर्धा खर्च सुचवा. आणि काहीही झालं तरी हिशोब एका भिंतीचा: खरवडणं, पुट्टी, प्रायमर, रंग. एका भिंतीचा रंग बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून फार तर ती खोली धरता येईल, अख्खं घर नाही. त्याच भागातल्या एखाद्या रंगाऱ्याकडून लेखी अंदाज घ्या आणि ६,००० च्या शेजारी ठेवा. रंगाच्या १८,००० मध्ये हीच भिंत पुन्हा मोजली आहे, हेही त्यांना दाखवून द्या.

कराराबद्दल. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे" हा समज इथे घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नसेल तर अटींबद्दल किरायदाराचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम पहिल्याच मेसेजमध्ये धमकीसारखं फेकू नका, नोटिशीत लिहा. पोलिसांकडे जाण्याचाही उपयोग नाही, हा दिवाणी वाद आहे.

आजच व्हॉट्सॲपवर साधारण असं पाठवा: "काका, १७,००० मिळाले, ते डिपॉझिटचा भाग म्हणून घेतले आहेत. बाकी रक्कम सोडलेली नाही. बेसिनचा खर्च बिल पाहून देईन. कूलरच्या भिंतीचा रंगाऱ्याचा अंदाज जोडत आहे. घराच्या रंगाचे १८,००० मला मान्य नाहीत. पंधरा दिवसांत बिलं आणि उरलेली रक्कम पाठवावी." "हिशोब पूर्ण झाला" अशा कुठल्याही कागदावर सही करू नका.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर हेच मुद्दे घालून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्यानंतर सिव्हिल लाइन्सला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज करा, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधी तडजोडीसाठीचा अर्ज. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं, म्हणून अर्ज तुमच्याच नावाने करा. तिथल्या लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. एवढ्या रकमेसाठी मला हीच वाट बरी वाटते. तिथे नाहीच जमलं तर दिवाणी दावा आहे. पैशाच्या वसुलीला मुदत तीन वर्षांची, म्हणून घाबरून आज वाटेल त्या रकमेवर तडजोड करण्याची गरज नाही.

घरात शिरताना काढलेले फोटो, डिपॉझिट दिल्याची बँकेतली नोंद, चाव्या दिल्याच्या दिवसाचं चॅट, हे सगळं मूळ फोनमध्येच राहू द्या. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे चॅटच्या प्रिंटसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं. फोन बदलायचा विचार असेल तर हा वाद मिटेपर्यंत थांबा.