मायक्रोवेव्ह गरम करेना: दुरुस्ती, नवा हप्ता की तिसरा मार्ग?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सहा वर्षांपूर्वी घेतलेला २८ लिटरचा कन्व्हेक्शन (कॉइलनं हवा तापवून केकही भाजणारा) मायक्रोवेव्ह. दिवा लागतो, ताटली फिरते, पंख्याचा आवाज येतो, पण भाजी गारच्या गार. दुरुस्तीवाला म्हणतो मॅग्नेट्रॉन, म्हणजे अन्न गरम करणाऱ्या लहरी तयार करणारा भाग, गेलाय, ४,२०० रुपये होतील. मिस्टर म्हणतात, १५,५०० चा नवा बारा महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांवर घेऊन टाकू. सासूबाई म्हणतात, माझ्यासाठी खर्च नको, मी गार जेवीन. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, की दुपारी त्या एकट्याच असतात आणि हात थरथरतो म्हणून गॅस पेटवत नाहीत. मला तुमच्या पत्रातलं हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. म्हणून 'मायक्रोवेव्हच नको' हा पर्याय मी विचारातच घेत नाही. शहात्तर वर्षांच्या माणसाला दुपारी गरम वरण-भात मिळणं हा चैनीचा खर्च नाही.

आता बिघाडाकडे येऊ, कारण हिशोब तिथून सुरू होतो. कपभर पाणी काचेच्या ग्लासात घालून पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं ठेवा. वाफा यायला हव्यात. जेमतेम कोमट झालं तर आधी घरातलं व्होल्टेज तपासून घ्या; ते खूप उतरलं की मायक्रोवेव्हचा जोर जातो. अजिबात गरम झालं नाही, तर माहितीपुस्तिकेत डेमो मोडबद्दल काही लिहिलंय का बघा. काही मॉडेलमध्ये दुकानात दाखवण्यासाठी अशी सोय असते: दिवा आणि ताटली चालतात, उष्णता नाही. चुकून बटण दाबलं गेलं तर घरातही तसंच होतं. मग कन्व्हेक्शनवर लावून बघा. तिथे गरम होत असेल तर कॉइल ठीक आहे आणि दोष मायक्रोवेव्हच्या बाजूला आहे.

त्या बाजूला एकटा मॅग्नेट्रॉन नसतो. ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि डायोड मिळून घरातल्या २३० व्होल्टचे सुमारे ४,००० व्होल्ट करतात, तेव्हा कुठे मॅग्नेट्रॉन चालतो. यांतला कुठलाही भाग किंवा हाय व्होल्टेज फ्यूज गेला तरी लक्षण हेच: सगळं चालू, अन्न गार. त्यामुळे नुसतं बघून 'मॅग्नेट्रॉन' म्हणणाऱ्याला विचारा, मीटर लावून तपासलं का? माझ्या घरी असाच प्रसंग आला होता. पहिल्यानं न उघडताच मॅग्नेट्रॉनचा खर्च सांगितला. दुसऱ्यानं उघडून तपासलं तर डायोड जळालेला, बिल सातशे रुपये. एक कळकळीची विनंती: पैसे वाचवायला मिस्टरांना स्वतः झाकण उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतभार राहू शकतो.

आणि खरेदीचं बिल शोधाच. बऱ्याच कंपन्या मॅग्नेट्रॉनला बाकी यंत्रापेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी देतात. ती शिल्लक असेल तर ४,२०० चा आकडा बराच खाली येईल.

आता पैसे. तुम्ही ४,२०० ची तुलना १५,५०० शी करताय. नवा आठ वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला साधारण १,९४० रुपये पडतात. म्हणजे दुरुस्त केलेला सव्वादोन वर्षं चालला तरी पैसे वसूल, आणि दुरुस्तीच शहाणपणाची ठरते. पण तुलनाच चुकतेय. तुम्हीच लिहिलंय की कन्व्हेक्शन वापरता ते वर्षातून दोनदा, लेकीच्या वाढदिवसाला आणि नाताळात, केकसाठी. बाकी तीनशे त्रेसष्ट दिवस फक्त गरम करणं. त्याला २० लिटरचा साधा सोलो मायक्रोवेव्ह पुरतो आणि तो सहा-साडेसहा हजारांत मिळतो. ६,२०० धरले तर आठ वर्षांत वर्षाला पावणेआठशे. या मापानं ४,२०० ची दुरुस्ती परवडायला जुना मायक्रोवेव्ह आणखी साडेपाच वर्षं चालायला हवा. सहा वर्षांच्या यंत्रावर मी तेवढी पैज लावणार नाही.

माझं मत असं: मीटर लावून तपासल्यावर खर्च १,५०० च्या आत आला तर निर्धास्त दुरुस्त करा, बदललेल्या भागाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. आतला पत्रा गंजला असेल किंवा दार नीट बसत नसेल, तर तेवढेही घालू नका. मॅग्नेट्रॉनच गेला असेल आणि वॉरंटीही संपली असेल, तर सोलो घ्या. दोन गोल बटणांचा घ्या, टचचा नको. थरथरत्या हातांना 'दोन मिनिटं' फिरवणं सोपं जातं. जुना माळ्यावर टाकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊन जे मिळेल ते घ्या.

हप्त्यांबद्दल मिस्टरांना शांतपणे हे दाखवा. दुकानदार रोखीनं घेतल्यास ७०० रुपये सूट देतोय, हप्त्यांवर ती जाते. कार्डाचं व्याज १५ टक्के असेल तर १५,५०० मध्ये जवळपास १,१९० रुपये व्याज दडलेलं असतं. ते दुकान किंवा कंपनी सूट म्हणून सोसते, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१४ रुपये, तुमच्या बिलात येतो. प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावरचा कर वेगळा. एकूण साडेअकराशेच्या आसपास. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं. रकमेपेक्षा मला काळजी आहे ती फोन आणि क्लासच्या हप्त्यांनंतरच्या या तिसऱ्या हप्त्याची.

सोलोचे पैसे बचत खात्यातल्या ३८,००० मधून द्या, बिनदिक्कत. पाच महिन्यांनी फोनचा १,८५० चा हप्ता संपतोय. त्यातले १,०५० खात्यात परत टाका, सहा महिन्यांत ६,३०० भरून निघतील. उरलेल्या ८०० ची आरडी सुरू करा. तुमचा फ्रिज नऊ वर्षांचा आहे. तीन वर्षांत २८,८०० आणि वर व्याज जमेल, तेव्हा त्याच्यासाठी कुणाला कार्ड काढावं लागणार नाही.

हे सगळं जमेपर्यंत आठवडाभर जाईल. तोवर सकाळी निघताना सासूबाईंचं वरण चांगल्या थर्मॉसमध्ये आणि भात कॅसरोलमध्ये भरून ठेवा. झाकण मात्र त्यांना सहज उघडेल असंच निवडा.